किरकोळ कारणावरून

आक्काच्या तोंडून तिच्या नवऱ्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते पोलीस ठाण्यात. एरवी ती 'पोरीचे पप्पा' म्हणायची, फार तर 'आमचं मानूस'. त्या दुपारी ठाणे अंमलदारानं विचारलं, "मारणाऱ्याचं नाव?" आणि तिनं नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं सलग सांगून टाकलं. लाजली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. ग्रामीण रुग्णालयातून उजव्या मनगटाला कच्चं प्लास्टर घालून आम्ही तिथं आलो होतो. माझ्या ओढणीची झोळी करून हात तिच्या गळ्यात अडकवला होता. शेजारच्या बाकावर तिची मुलगी बसली होती, नुकतीच दहावी झालेली.

ही गोष्ट तिथंच घडली, त्या टेबलापाशी. हात घरी मोडला होता. केस मोडली ती या टेबलावर, आणि माझ्या डोळ्यांदेखत मोडली. म्हणून आज इतकी वर्षं झाली तरी माझा राग कमी होत नाही.

आम्ही मूळच्या पाथर्डी तालुक्यातल्या. मी शिकले, नगरला आले, एका शाळेत मराठी शिकवते. आक्का माझ्याहून मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि तिला जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका गावात दिली. गावाचं नाव लिहीत नाही, भाचीला अजून त्या बाजूला नातेवाईक आहेत. दाजींचं शेत बागायती, हायवेला खताचं दुकान, गावात मान. मारायचे अधूनमधून. आक्का ते सांगायची नाही, आम्हाला कळायचं.

त्या उन्हाळ्यात भाचीचा निकाल लागायच्या आधीच त्यांनी तिचं लग्न ठरवलं. मुलगी सोळाची. मुलगा तिशीकडं झुकलेला, चांगल्या बागायतदाराचा. आक्कानं मला फोन केला. "पोरीला शायन्स घ्यायचंय. तुज्याकडं धाडते. हे पुढचं म्या बघते." मी म्हणाले, कधीही पाठव. पण ती पाठवायच्या आधीच पाहुणे सुपारी फोडायला आले.

मग जे घडलं ते आक्कानं पोलिसांना सांगितलं तसंच्या तसं लिहिते. तिचं ते बोलणं माझ्या कानात आहे, कारण त्यातला एकही शब्द जादा नव्हता.

"पावनी ओसरीत बसली हुती. म्या भायेर आले, पदर घेतला आन् म्हनले, पोरगी सोळाची हाय. तिचं शिकायचं वय हाय. सरकारबी हे लगीन मानत न्हाई. तुमी च्या घ्या आन् परत जावा. त्यातला एक म्हातारा उठला, म्हनला बाईचं बरोबर हाय. ते समदे गेले. मंग यानी दार लावलं. कोपऱ्यात फावडं हुतं, त्याचा दांडा काढला. म्या डोक्यावर हात धरला, तवा हात मोडला. न्हाईतर डोकं फुटलं असतं. लाथ न्हाई, बुक्की न्हाई, शिवी न्हाई. एक सबूदबी बोलला न्हाई. दातखीळ बसल्यागत मारत हुता. पोरगी मैत्रिनीकडं गेल्ती. ती आली, तिला घेतली आन् हायवेला येऊन जीप धरली. दवाखान्यातनं भनीला फोन केला."

अंमलदार टाइप करत होता. कॉम्प्युटरवर आधीची कुणाचीतरी फिर्याद उघडलेली होती. त्यातली नावं पुसून तो आक्काची नावं घालत होता. मी त्याच्या खांद्यामागं उभी राहून वाचत गेले. मजकूर असा होता: 'मी घरी असताना आरोपी याने किरकोळ कारणावरून माझ्याशी वाद घालून, मला शिवीगाळ करून, लाथाबुक्क्यांनी व लाकडी दांड्याने मारहाण करून, जिवे ठार मारण्याची धमकी दिली.'

"साहेब," मी म्हणाले, "किरकोळ कारण कोणतं?"

"म्हणजे?"

"तिनं कारण सांगितलं ना. सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न तिनं मोडलं म्हणून मारलं. तुम्ही किरकोळ लिहिलंय."

"मॅडम, ही पद्धत आहे लिहायची."

"आणि लाथाबुक्क्या? ती म्हणाली लाथ मारली नाही, शिवी दिली नाही."

तो हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाला समजवावं तसा हसला. "अहो, तिच्याच फायद्यासाठी टाकलंय. नुसता दांडा लिहिला तर केस हलकी दिसते."

"मग लग्नाचं लिहा. त्यानं जड होईल."

"लग्न झालंय का?"

"नाही. तिनं होऊ दिलं नाही."

"मग झालंच नाही तर गुन्हा कसला? आत्ता मारहाणीचं घेऊ. ते नंतर पुरवणी जबाबात घेऊ तपासाला आल्यावर. बाईंना त्रास होतोय, बघा."

आक्काला खरंच त्रास होत होता. प्लास्टरबाहेरची बोटं काळीनिळी पडली होती. तरी आम्ही तासभर तिथं वाद घातला. शेवटी तो म्हणाला, गुन्हा दाखल करायचा असेल तर असाच होईल, नसेल तर तक्रार नाही असा अर्ज लिहून द्या आणि जा. आक्का म्हणाली, "घे बाई, निदान सुरू तरी हुईल." उजवा हात बांधलेला, म्हणून सही येत असूनही तिनं डावा अंगठा दिला.

पुरवणी जबाब कुणीही घेतला नाही. मी दोनदा जाऊन विचारलं. एकदा तपासी अंमलदार बंदोबस्ताला गेले होते, एकदा त्यांची बदली झाली होती. सरकारी वकिलांना विचारलं, तर ते म्हणाले, कोर्टात सगळं सांगता येईल, काळजी करू नका.

आक्का आणि भाची माझ्याकडं नगरला राहू लागल्या. भाचीला अकरावी सायन्सला घातलं. आक्कानं हात बरा झाल्यावर एका मेसमध्ये चपात्या लाटायचं काम धरलं. मनगट नीट जुळलं नव्हतं, लाटणं फिरवताना ती कोपरापासून सगळा हात हलवायची. तारखा पडत राहिल्या. आम्ही एसटीनं जायचो, मिरजगावला गाडी थांबली की आक्का पदर तोंडापुढं ओढायची, कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या रंगल्या. कायद्यांचीही नावं बदलली. नवी नावं मुलांना पाठ करायला लावावीत अशी भारदस्त आहेत. कुठल्या ठाण्यात बाई काय बोलते आणि काय टाइप होतं, ते मात्र जिथल्या तिथं आहे.

साक्षीचा दिवस आला. आक्का पिंजऱ्यात उभी राहिली. मी मागच्या बाकावर. न्यायाधीश मधल्या वयाचे, थकलेले, आवाज न चढवणारे. सरकारी वकिलांनी विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं. ओसरीतले पाहुणे, चहा, म्हातारा, फावड्याचा दांडा. साहेब ऐकत होते आणि शेजारच्या लघुलेखक बाईंना मजकूर सांगत होते. 'सदर दिवशी आरोपीने माझ्या अल्पवयीन मुलीचा विवाह निश्चित करण्याकामी काही इसम घरी बोलावले होते.' मला वाटलं, चला, लग्न कागदावर आलं. 'कामी' आणि 'इसम' असले तरी आलं.

मग आरोपीचे वकील उठले. त्यांचं मराठी उत्तम होतं. मी मराठीची शिक्षिका, मला ते कळतं. सावकाश आणि गोड बोलणारा माणूस.

"बाई, आरोपीनं तुम्हाला लाथ मारली का?"

"न्हाई."

"बुक्की?"

"न्हाई. दांड्यानी मारलं."

"शिवीगाळ केली?"

"बोललाच न्हाई काई."

"पण तुमच्या फिर्यादीत तर लिहिलंय, शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारलं. मग ती फिर्याद खरी, की आत्ता सांगताय ते खरं?"

"आत्ता सांगते ते. तवाबी म्या हेच सांगितलं हुतं."

"मग फिर्यादीत वेगळं कसं आलं?"

"त्यांच्या मशिनीत आदीच लिवलेलं हुतं. मही भन म्हनली, हे खोडा. त्यांनी खोडलं न्हाई."

वकील साहेबांकडं वळले. साहेबांनी मजकूर सांगितला: 'आरोपीने मला लाथ अगर बुक्की मारली नाही, तसेच शिवीगाळ केली नाही, हे म्हणणे खरे आहे. फिर्यादीत तसा मजकूर का लिहिला, याचे कारण मी सांगू शकत नाही.'

मी कान टवकारून ऐकलं. वाटलं, चुकून झालं असेल.

"बरं. फिर्यादीत तुमच्या मुलीच्या लग्नाचा एक तरी शब्द आहे का?"

"म्या सांगितलं हुतं."

"आहे का, एवढंच सांगा."

"न्हाई. त्यांनी लिवलं न्हाई. म्हनले नंतर लिवू, आन् आलेच न्हाईत."

'मुलीच्या विवाहाबाबतचा मजकूर माझ्या फिर्यादीत का नाही,' साहेब सांगत होते आणि बाई टाइप करत होत्या, 'याचे कारण मी सांगू शकत नाही.'

मी उभी राहिले. कोर्टात उठायचं नसतं हे मला माहीत आहे. "साहेब, ती कारण सांगतेय. आत्ताच सांगितलं तिनं."

"तुम्ही कोण?"

"मी तिची बहीण. तिनं कारण सांगितलं, पोलिसांनी लिहिलं नाही असं. तुम्ही लिहिताय, सांगू शकत नाही."

"बाई, खाली बसा, नाहीतर बाहेर जा. जबाब कसा नोंदवायचा ते कोर्ट ठरवेल." ते रागावले नव्हते. तेच मला जास्त लागलं. त्यांच्या दृष्टीनं काही घडलंच नव्हतं. त्यांनी असं वाक्य हजार वेळा सांगितलं असेल. साक्षीदारानं काहीही उत्तर दिलं तरी त्याचं भाषांतर तेच. मराठीचं मराठीत भाषांतर, आणि त्या भाषांतरात माणसाच्या तोंडचं कारण गळून पडतं.

मी बाहेर गेले आणि दारातूनच बघत राहिले. आवाज येत होता.

वर्गात मी मुलांना प्रथमपुरुष शिकवते. जो बोलतो तो 'मी'. सहावीतल्या मुलाला हे पहिल्याच दिवशी कळतं. त्या कागदावर पानोपान 'मी' होतं आणि त्यातला एकही 'मी' माझ्या बहिणीचा नव्हता. 'मी' असं म्हणते, 'मला' असं आठवते, 'माझे' म्हणणे खरे नाही. तिच्या नावानं दुसरंच कुणी बोलत होतं आणि खाली सही तिची लागणार होती. इंग्रजीत असतं तर मी म्हणाले असते, परकी भाषा आहे, आमचं कसं कळणार त्यांना. हे सगळं मराठीत चाललं होतं. साहेब मराठी, वकील मराठी, टाइप करणाऱ्या बाई मराठी. त्यातल्या एकालाही 'त्यांनी लिवलं न्हाई' हे कळलं नसेल असं मी मानायला तयार नाही. कळलं होतं. कळूनही ते लिहिण्याजोगं वाटलं नाही.

उलटतपास संपला. जबाब छापून आला आणि बाईंनी तो भरभर वाचून दाखवला. आक्का प्रत्येक ओळ कान देऊन ऐकत होती. ते वाक्य आलं तसा तिनं डावा हात वर केला.

"हे म्या बोलले न्हाई."

"काय?" लघुलेखक बाई थांबल्या.

"कारन सांगू शकत न्हाई असं म्या बोलले न्हाई. म्या कारन सांगितलंय."

"बाई, ती पद्धत असते," सरकारी वकील पुढं येऊन हळू आवाजात म्हणाले. आपलेच वकील. "सही करा. आपल्याच केसचा वेळ जातोय."

"मंग म्या बोलले ते लिवा. मंग करते."

साहेबांनी वर बघितलं. आरोपीच्या बाकावर दाजी बसले होते, ते पहिल्यांदाच मान वर करून आक्काकडं बघत होते. मला वाटतं, त्या दिवशी तिला ओसरीत उभी राहिलेली बघून त्यांचा चेहरा असाच झाला असेल.

साहेब म्हणाले, "तुमची हरकत नोंदवतो." आणि नोंदवली: 'जबाब वाचून दाखवला असता साक्षीदाराने काही भागास हरकत घेतली.' कोणत्या भागाला, काय हरकत, एक अक्षर नाही. आक्कानं विचारलं, "म्हंजी लिवलं का?" वकिलांनी मान डोलावली. तिनं विश्वास ठेवला आणि सही केली, मोडक्या मनगटानं, सावकाश. ती बाहेर आली तेव्हा मी तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "बगितलंस का, लिवलं त्यांनी." मी तिला खरं काय ते सांगितलं. तिथंच, आवारातल्या लिंबाखाली. ती तिथंच खाली बसली. मग म्हणाली, "भाड्याच्या तोंडानं बोलायला लावलं मला."

निकाल लागला तेव्हा भाची बारावी पास झाली होती. निकालपत्र मी पूर्ण वाचलं. मनगट मोडल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी ते कशानं मोडलं याचा पुरावा नाही. साक्षीला बोलावलेले शेजारी फिरले होते. आणि मुख्य मुद्दा असा: फिर्यादी बाईनं मुलीच्या विवाहाची बाब मूळ फिर्यादीत सांगितली नाही, ती साक्षीत प्रथमच सांगितली, लाथाबुक्क्यांचा मजकूर फिर्यादीत आहे, तो साक्षीत नाकारला, आणि या तफावतीचं कारण ती सांगू शकली नाही. सबब तिची साक्ष विश्वासार्ह वाटत नाही. आरोपीस संशयाचा फायदा देऊन त्याची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे.

पोलिसांनी तिचे शब्द वगळले, ते तिच्या अंगावर आले. त्यांनी स्वतःचे शब्द घातले, तेही तिच्या अंगावर आले. आणि तिनं दोन्हींचा खुलासा केला तो कोर्टानं पुसला. हरकतीचा निकालपत्रात उल्लेख नाही.

व्हरांड्यात आक्कानं मला विचारलं, "संशयाचा फायदा म्हंजी काय?"

मी सांगितलं, कोर्टाला शंका आली की आरोपीला सोडतात.

"कुनाची शंका आली?"

"तुझी."

"आन् फायदा त्याला." ती पायऱ्या उतरायला लागली. "भारी हाय."

गावात पेढे वाटले गेले. कोर्टानं निर्दोष सोडलं, हे एवढंच गावभर झालं. 'निर्दोष' हा शब्द तेवढा सगळ्यांना कळला, त्याला कुणाच्या भाषांतराची गरज पडली नाही. दाजींनी भाचीला फोन करून सांगितलं, तुझी आई खोटी पडली. भाचीनं फोन ठेवला आणि पुन्हा कधी उचलला नाही. ती आता नर्सिंगला आहे. अठरा पूर्ण होऊन बराच काळ झाला. ते लग्न झालं नाही. ते थांबवलं ते आक्कानं, त्या ओसरीत, स्वतःच्या तोंडच्या चार वाक्यांनी, आणि त्या वाक्यांचा परिणाम पाहुण्यांवर झाला. एका अनोळखी म्हाताऱ्याला जे ऐकताक्षणी पटलं, ते पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत कुणालाही लिहून घ्यावंसं वाटलं नाही. हे मी कितीही वेळा स्वतःशी बोलले तरी रक्त तापतं.

अपील करायचं ठरवलं ते आक्कानंच. मी दमले होते, ती दमली नव्हती. नगरमधल्या एका वकीलबाई भेटल्या, केस चांगली ऐकून घेणाऱ्या. आक्का त्यांच्या टेबलासमोर ताठ बसली आणि म्हणाली, "म्या परत उभी ऱ्हाते. अगदी पयल्यापासून सांगते. या टायमाला एक सबूद जाऊ देनार न्हाई."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "ताई, अपिलात साक्षीदाराला बोलवत नाहीत सहसा. खालच्या कोर्टातले कागद वर जातात. ते वाचून निर्णय होतो."

"म्हंजी तेच कागद?"

"हो."

"ज्याच्यात म्या न्हाई, तेच?"

आक्का माझ्याकडं बघत राहिली, जणू मराठीची बाई म्हणून याचं उत्तर माझ्याकडं असायला हवं. माझ्याकडं फक्त संताप होता, तो मी त्या खोलीत गिळला.

"टाका," आक्का म्हणाली. "त्यांना वाचू द्या. हरकत घेतली हे तरी लिवलेलं हाय. कोनती ते त्यांनी आपल्याला इचारावं."

अपील दाखल झालं आहे. अजून कुणी विचारलेलं नाही.